गोळीनंतरचे सहा महिने

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लिखित पाठ)



पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांत एक ठरलेला कार्यक्रम असतो. खिचडीची ताटे धुऊन होतात, मुले ओळीने बसतात, बाई एकेकाच्या तळहातावर पांढरी गोळी ठेवतात आणि "चावून खायची, तशीच गिळायची नाही" असे बजावत नावापुढे खूण करतात. गोळी अल्बेंडॅझोलची, ४०० मिलिग्रॅमची. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अंगणवाडीत अर्धी, तीही चुरून. फेब्रुवारी २०१५ मध्ये ११ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत सुरू झालेला हा राष्ट्रीय जंतनाशक दिन पुढच्या वर्षी देशभर पोचला. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या त्याच्या ठरलेल्या तारखा कधी पुढेमागे होतात. १ ते १९ वयाच्या प्रत्येक मुलाला गोळी मिळावी हे उद्दिष्ट मात्र कायम आहे.

गोळी स्वस्त आहे, सुरक्षित आहे आणि आतड्यातल्या गोल जंतांवर चांगली चालते. पण ती पोट साफ करते, परसदार नाही. अल्बेंडॅझोल थोड्या वेळात शरीराबाहेर जाते. लशीने मिळते तसे संरक्षण मागे उरत नाही. आज गोळी खाल्लेल्या मुलाच्या तोंडात परवा नवे अंडे गेले, तर त्याला अडवायला कोणी नसते. एका गोळीपासून दुसऱ्या गोळीपर्यंतचे सहा महिने कोणाच्या भरवशावर काढायचे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. ‘आरोग्यशिक्षणाच्या’ असे उत्तर कोणीही देईल. ते शिक्षण भिंतीवरच्या घोषवाक्यांत अडकले की वाया जाते. गावची माती, शाळेचा नळ आणि शेतीचे वेळापत्रक यांच्याशी त्याची सांगड घातली, तर त्याचा गुण येतो. आजचे म्हणणे एवढेच आहे. पुढचा तासभर त्याच्या तपशिलाचा.

अंड्याचा प्रवास

जंतांविषयीची एक गोष्ट मुलांना, आणि शिक्षकांनाही, सर्वांत आधी सांगायला हवी. गोल जंत, चाबकाच्या आकाराचा व्हिपवर्म आणि रक्त पिणारा हूकवर्म यांची संख्या पोटातल्या पोटात वाढत नाही. मादी अंडी घालते, ती शौचावाटे बाहेर पडतात आणि मातीत काही दिवस काढल्याशिवाय त्यांच्यापासून लागण होत नाही. म्हणजे एखाद्या मुलाच्या पोटात वीस गोल जंत निघाले, तर वीस अंडी बाहेरून आत गेलेली असतात. दहा अडवली असती तर दहाच जंत झाले असते. आजाराची तीव्रता जंतांच्या संख्येवर ठरते, म्हणून इथे अर्धवट पाळलेली स्वच्छताही फुकट जात नाही. मुलांना धीर देणारी ही बाब पोस्टरवर सहसा दिसत नाही.

गोल जंताची मादी २० ते ३५ सेंटिमीटर लांब असते आणि दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ताजे अंडे निरुपद्रवी असते. ओलसर, सावलीतल्या मातीत दोन-तीन आठवडे गेले की त्यात अळी तयार होते, आणि असे अंडे मातीत कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे टिकते. क्लोरीनला ते दाद देत नाही. कडक ऊन, कोरडेपणा आणि उकळते पाणी यांपुढे मात्र हार खाते. ते चिकट असते, त्यामुळे नखांत, मुळ्याच्या पाल्यावर, कोथिंबिरीच्या मुळांशी, झाडाखालून उचललेल्या बोरावर बसून ते तोंडापर्यंत येते. आतड्यात अळी अंड्याबाहेर पडते, रक्तातून यकृतात आणि फुप्फुसांत जाते, श्वासनलिकेतून घशात चढते, गिळली जाते आणि पुन्हा आतड्यात येऊन मोठी होते. या सगळ्याला दोन ते तीन महिने लागतात. हा वेडावाकडा फेरा माणसाच्या शरीरातही होतो, हे जपानचे शिमेसू कोइनो यांनी १९२२ मध्ये स्वतः दोन हजार अंडी गिळून दाखवले. ते आजारी पडले आणि त्यांच्या थुंकीत अळ्या सापडल्या.

हूकवर्मची वाट निराळी. त्याची अळी मातीत पाच ते दहा दिवसांत तयार होते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. हे एका अपघातातून कळले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरोमध्ये आर्थर लूस या संशोधकाच्या हातावर अळ्यांचे पाणी सांडले. कातडी लाल झाली, खाज सुटली आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच शौचात हूकवर्मची अंडी दिसू लागली.

हूकवर्म आतड्याला चावा घेऊन रक्त पितो. त्याच्या दोन जातींपैकी नेकेटर ही जात दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त घेते. दुसरी, अँकायलोस्टोमा, त्याच्या पाचपट किंवा अधिक. आकडा क्षुल्लक वाटतो, म्हणून गुणाकार करून पाहावा. शंभर नेकेटर असलेल्या मुलाचे महिन्याला ९० मिलिलिटर रक्त जाते. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय बालपोषण सर्वेक्षणात देशातल्या ५ ते ९ वयाच्या २४ टक्के आणि १० ते १९ वयाच्या २८ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. तो सगळा जंतांमुळे होत नाही. आहारातले लोह कमी पडते हे मोठे कारण आहे. पण शाळेत गुलाबी आणि निळ्या लोहगोळ्या वाटायच्या आणि त्याच मुलांना अनवाणी ओल्या बांधावर पाठवायचे, यात एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते.

दोन तालुके, दोन मुलूख

घोडेगावहून पश्चिमेला डिंभे धरणाचा जलाशय मागे टाकला की आहुपे आणि भीमाशंकरपर्यंत डोंगरउतारावरच्या वाड्या लागतात. जुन्नर तालुक्यात माणिकडोहच्या पलीकडे, नाणेघाटाच्या अंगाला तसाच मुलूख आहे. वस्ती महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजांची. शेती भाताच्या खाचरांची, नाचणी-वरईची. जोडीला बाळहिरडा गोळा करणे. जून ते सप्टेंबर इथली माती सुकत नाही. भाताच्या आवणीच्या दिवसांत घरातले लहानमोठे सगळे शेतात असतात, आणि चिखलात चप्पल टिकत नाही हे कोणालाही सांगावे लागत नाही.

इथे नेमके शिकवणे म्हणजे काय, याचा नमुना मिळतो. ‘शेतात चप्पल घाला’ हा उपदेश आवणी करणाऱ्या मुलाला हास्यास्पद वाटेल, आणि त्याचे चूक नाही. हूकवर्मची अळी साचलेल्या पाण्यात नीट जगत नाही. तिला हवी असते ओलसर, भुसभुशीत, सावलीतली जमीन: खाचराचा बांध, करवंदीच्या जाळीमागची वाट, नाल्याकडेचा आडोसा. लोक जिथे शौचाला बसतात तीच ही जागा. तेव्हा सांगायचे ते असे: खाचरात अनवाणी उतरावे लागले तर उतर, पण आडोशाच्या वाटेने जाताना पायात चप्पल हवी, आणि शेतातल्या कोणीही बांधावर बसू नये. मुलाला जमेल असे हे सांगणे आहे, आणि त्यामागचे कारणही त्याला समजते.

पूर्वेकडे मंचर, नारायणगाव, ओतूर हा बागायती पट्टा. टोमॅटो, कांदा, द्राक्षे, ऊस. घोड आणि कुकडीच्या कालव्यांनी इथली जमीन उन्हाळ्यातही ओली राहते, म्हणून पश्चिमेला चार महिने असणारी जोखीम इथे बागेच्या सावलीत बाराही महिने असू शकते. पश्चिमेकडची कुटुंबे याच भागात मजुरीला येतात. पारगावचा भीमाशंकर आणि जुन्नरचा विघ्नहर हे साखर कारखाने सुरू झाले की बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. कोपीशेजारी संडास नसतो, आणि मुले कोणत्याच शाळेच्या पटावर नसतात. फेब्रुवारीची गोळी पटाबाहेरच्या मुलांनाही अंगणवाडीत द्यायची असे कार्यक्रमाचा नियम सांगतो. तो पाळायचा तर आशाताईंना फडापर्यंत जावे लागते आणि टोळीच्या मुकादमाला आदल्या दिवशी गाठावे लागते. फडातली मुले गोळीविना राहिली तर त्यांच्या शौचातली अंडी त्याच मळ्यात पडतात, जिथे मालकाची मुलेही खेळतात.

आता वेळापत्रक पाहू. ऑगस्टची गोळी जून-जुलैपर्यंत आत गेलेल्या जंतांचा बराचसा निकाल लावते. पण माती तेव्हा सर्वांत ओली असते. सप्टेंबरमध्ये गिळलेल्या अंड्यांतून डिसेंबरपर्यंत पूर्ण वाढलेले जंत होतात आणि फेब्रुवारीच्या गोळीपर्यंत रोज अंडी घालत राहतात. म्हणून या दोन तालुक्यांपुरते तरी जंतांचे धडे जूनमध्ये शाळा उघडताच एकदा आणि ऑगस्टच्या गोळीनंतर लगेच दुसऱ्यांदा असे व्हायला हवेत. पुस्तकातला स्वच्छतेचा पाठ जानेवारीत आला तर हंगाम निघून गेलेला असतो.

वसतिगृहातली रात्र

आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगावला आहे आणि पश्चिम पट्ट्यातली बरीच मुले निवासी आश्रमशाळांत शिकतात. तिथे चौथा जंत महत्त्वाचा ठरतो: सुताच्या तुकड्याएवढा पिनवर्म. त्याला मातीची गरज नाही. मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालते, त्या जागी खाज सुटते, मूल झोपेत खाजवते, अंडी नखांत आणि पांघरुणात जातात आणि चार-सहा तासांत लागण करण्याजोगी होतात. शेजारी झोपलेल्याला ती मिळायला एक चादर पुरते. अंथरुणात ती दोन-तीन आठवडे टिकतात.

म्हणून वसतिगृहात एकाच मुलाला औषध देऊन भागत नाही. सगळ्या खोलीला एकाच दिवशी गोळी, दोन आठवड्यांनी पुन्हा एक, त्याच दिवशी चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात, सकाळी उठल्याबरोबर आंघोळ आणि कापलेली नखे: हा सगळा क्रम एकत्र झाला तरच उपयोग होतो. यातली चादर, गरम पाणी आणि दुसरी गोळी मुलाच्या हातात नसते. ती अधीक्षक आणि गृहपाल यांच्या हातात असते. आरोग्यशिक्षणाचा पहिला वर्ग त्यांचाच भरवायला हवा. रात्री खाज सुटते हे सांगायला मुली विशेषतः लाजतात. त्यांना विचारणारी बाई ओळखीची असली, तरच हे बाहेर येते.

गूळ, दात आणि वावडिंग

मुलांच्या घरी जंतांविषयीचे ज्ञान आधीपासूनच असते. गूळ फार खाल्ला की जंत होतात. झोपेत दात खातो म्हणजे जंत झालेत. गालावर पांढरे चट्टे उठले, जंतच. यातले काही टिकत नाही. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. अंडे गिळल्याशिवाय गोल जंत होणेच शक्य नाही. दात खाणे हे जंतांचे भरवशाचे लक्षण नाही, आणि चट्टे बहुतेक वेळा कोरड्या कातडीचे असतात. मात्र एक समजूत नीट ऐकून घेण्यासारखी आहे. माती खाणाऱ्या पोराला जंत असतात, असे आजी म्हणते. माती खाण्याची ओढ पुष्कळदा रक्तक्षयाबरोबर दिसते, आणि त्या मातीतूनच गोल जंताची अंडी आत जातात. आजीला बरोबर ते बरोबर म्हटले, तर गुळाबद्दलचे म्हणणे ती सोडायला तयार होते.

वावडिंगाचेही तेच. तान्ह्या बाळाला वावडिंगाचे पाणी देण्याची रीत मराठी घरांत जुनी आहे, आणि चरकसंहितेने कृमिनाशक द्रव्यांत विडंगाला पहिला मान दिला आहे. शिक्षकाने त्याची टर उडवली तर आई दुसऱ्या दिवशी मुलाला गोळीच्या वेळी घरी ठेवते. घरी वावडिंग द्या, शाळेत गोळी घेऊ द्या, आणि दोन्हींनंतरही हात धुवायचेच आहेत, असे म्हटले तर भांडण उरत नाही.

गोळीबद्दलची भीतीही आधीच बोलून टाकावी. पोटात जंत बरेच असले तर गोळीनंतर काही मुलांना मळमळते, पोटात दुखते. हे थोड्या वेळात थांबते. शौचात जंत पडलेला दिसू शकतो. हे आदल्या दिवशी सांगितलेले असले की मूल घाबरत नाही. नाही सांगितले, तर तालुक्यात संध्याकाळपर्यंत ‘गोळीने विषबाधा’ अशी बातमी फिरते आणि पुढच्या वेळी निम्मा वर्ग गैरहजर.

शिकवून खरेच फरक पडतो का?

हा प्रश्न जगभर मोजून पाहिला गेला आहे. चीनच्या हूनान प्रांतात ३८ शाळांतल्या ९-१० वर्षांच्या मुलांवर झालेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला सर्वांना गोळी दिली. निम्म्या शाळांत नेहमीचे पोस्टर लावले. उरलेल्या शाळांत १२ मिनिटांची व्यंगचित्रफीत दाखवली, त्यावर चर्चा घेतली, चित्रे आणि निबंध करवून घेतले. चित्रफितीतल्या मुलाला एक जादूचा चष्मा मिळतो आणि त्याला अंडी दिसू लागतात. शालेय वर्षाच्या अखेरीस पोस्टरच्या शाळांत ८.४ टक्के मुलांना नव्याने लागण झाली होती, चित्रफितीच्या शाळांत ४.१ टक्के. पेरूमधल्या इकितोस शहराच्या गरीब वस्तीत गोळीला स्वच्छताशिक्षणाची जोड दिली, तेव्हा चार महिन्यांनी गोल जंतांच्या लागणीची तीव्रता ५८ टक्क्यांनी कमी भरली. हूकवर्मवर मात्र परिणाम झाला नाही. हे समजण्यासारखे आहे. हात धुतल्याने गोल जंत अडतो. हूकवर्म पायातून येतो. जे शिकवले त्याचेच फळ मिळाले.

दक्षिण कोरियाची कथा अधिक मोठी आहे. १९६३ मध्ये जंजू शहरातल्या इस्पितळात नऊ वर्षांच्या मुलीच्या पोटातून १,०६३ गोल जंत निघाले. ती वाचली नाही. देश हादरला. १९६६ मध्ये कायदा झाला, १९६९ पासून शाळाशाळांत वर्षातून दोनदा शौचतपासणी आणि ज्यांना लागण त्यांना औषध सुरू झाले. १९७१ च्या पाहणीत ८४ टक्क्यांहून अधिक लोकांना कोणत्या ना कोणत्या जंताची लागण होती. १९९७ मध्ये ती २.४ टक्क्यांवर आली. या काळात देश श्रीमंत झाला, संडास आले, शेतात मैल्याऐवजी रासायनिक खत आले, हेही त्यात मोजायलाच हवे.

उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख बालकांवर पाच वर्षे चाललेल्या प्रयोगाचा निकाल २०१३ मध्ये आला: दर सहा महिन्यांनी अल्बेंडॅझोल देऊनही बालमृत्यूत म्हणावा असा फरक दिसला नाही, वजनातही नाही. केनियात मात्र जंतनाशक गोळ्यांनी शाळेतली गैरहजेरी घटल्याचे मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिग्वेल यांनी दाखवले होते. क्रेमर यांना पुढे २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तज्ज्ञांतला हा वाद अजून मिटलेला नाही. ज्या मुलाच्या पोटात खूप जंत आहेत त्याला औषधाने बरे वाटते, याबद्दल दुमत नाही. सरसकट गोळीतून सरासरी मुलाला किती मिळते, यावर मतभेद आहेत. म्हणजे सगळा भार गोळीवर टाकणे कोणत्याही बाजूने शहाणपणाचे नाही.

आणि औषधच नसेल तर? त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या जुन्या पिढीला ठाऊक आहे. नारू. पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा जंत बाहेर पडायचा, आणि तो काडीवर गुंडाळत दिवसेंदिवस बसावे लागायचे. त्यावर ना लस होती ना औषध. पायऱ्यांच्या विहिरीत रोगी उतरे, जंताच्या अळ्या पाण्यात सुटत, तिथल्या सूक्ष्म किड्यांच्या पोटात जात, आणि तेच पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. महाराष्ट्र हे बाधित राज्यांपैकी एक होते. पाणी फडक्याने गाळून प्यायचे, नारू झालेल्याने विहिरीत पाय घालायचा नाही, पायऱ्यांच्या विहिरींच्या जागी हातपंप, हे गावोगाव पुन्हा पुन्हा सांगितले आणि करून दाखवले गेले. शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्या मोहिमेत सांगणे आणि हातपंप बसवणे एकाच वेळी चालले होते, हे विसरून चालणार नाही.

देहूचे डॉक्टर

स्मृतिव्याख्यानात पुणे जिल्ह्यातल्या एका माणसाचे स्मरण करणे उचित होईल: डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर. १९६० च्या सुमारास ते देहूच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले. पोटाचे विकार घेऊन येणाऱ्या रोग्यांवर औषधे लिहिता लिहिता त्यांनी गावच्या हागणदारीकडे मोर्चा वळवला. सुरुवातीला बांधलेले संडास पावसाळ्यात कोसळले. गाव हसले असते तर नवल नव्हते. त्यांनी रचना बदलली, गावातली तरुण पोरे हाताशी धरली आणि काम चार दशके चालू ठेवले. संडासाला जोडलेल्या ‘मलप्रभा’ जैववायू संयंत्राची रचना त्यांची. कोकणात गोपुरीला सफाईचे प्रयोग करणाऱ्या अप्पा पटवर्धनांच्या नावाने त्यांनी देहूगावात सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन उभे केले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. डॉक्टराने गवंडीकाम शिकावे लागते, हा त्यांच्या आयुष्याचा अर्थ जुन्नर-आंबेगावला थेट लागू पडतो. घाटमाथ्यावर खड्डा खणला तर कातळ लागतो, पावसाळ्यात तो पाण्याने भरतो आणि एप्रिल-मेमध्ये संडासात ओतायला पाणी नसते. या तिन्ही अडचणींवर उपाय काढल्याशिवाय ‘संडास वापरा’ असे मुलांना शिकवणे म्हणजे त्यांच्या आईबापांच्या नाइलाजाचा दोष त्यांच्या माथी मारणे होय.

नळाचे गणित

शाळेत काय करता येईल? पहिले गणित नळाचे. शाळेत १२० मुले आणि दोन नळ आहेत. साबणाने नीट हात धुवायला एका मुलाला अर्धा मिनिट लागतो. सगळ्यांचे हात धुऊन व्हायला अर्धा तास जाईल, म्हणजे जेवणाची सुट्टी संपत येईल. अशा शाळेत मुले हात धूत नाहीत ती आळशी म्हणून नव्हे. त्याच भिंतीला आडवा पाइप लावून दहा तोट्या काढल्या, तर तेच काम सहा मिनिटांत होते. चौथीच्या मुलांकडूनच हे गणित सोडवून घ्यावे आणि उत्तर शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावे.

दुसरी गोष्ट साबणाची. वडी नाहीशी होते म्हणून ती कपाटात कुलपात राहते. जाळीच्या पिशवीत घालून तोटीला बांधली की ती जात नाही. साबण नसेल तर चुलीची राख चालेल. माती नको, कारण ज्या मातीत अंडी असतात तिनेच हात घासण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट चपलांची. बहुतेक शाळांत मुले चपला वर्गाबाहेर काढतात आणि मधल्या सुट्टीत अनवाणीच मुतारीकडे धावतात. मुतारीच्या दाराशी रबरी चपलांचे चार जोड ठेवले तर हा प्रश्न निकालात निघतो. चौथी गोष्ट नखांची: सोमवारी परिपाठाला नखे पाहायची, पण ज्याची वाढली आहेत त्याला उभे करून लाजवायचे नाही, नेलकटर वर्गात असावे आणि तिथेच कापावीत. आश्रमशाळेत आणि वाडीवरच्या शाळेत हे दुप्पट जपावे लागते. ‘जंतवाला’ ही शिवी वाडीच्या मुलाला चिकटली की तो गोळीच्या दिवशी घरीच राहतो.

मोजणी

शेवटी एक सूचना. दोन्ही तालुक्यांतल्या काही शाळा निवडाव्यात. निम्म्या शाळांत गोळीबरोबर वर सांगितलेला सगळा अभ्यासक्रम आणि तोट्या. उरलेल्या शाळांत यंदा फक्त गोळी, आणि पुढच्या वर्षी त्यांनाही सगळे. पालकांची संमती घेऊन, कोणाचेही नाव उघड न करता, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये शौचतपासणी करावी. यासाठी काटो-काट्झ ही जगभर वापरली जाणारी पद्धत सोपी आहे: जाळीतून गाळलेला, ठरावीक मापाचा नमुना काचेवर घ्यायचा, ग्लिसरिनने पारदर्शक करायचा आणि अंडी मोजायची. काच तयार झाल्यावर अर्ध्या ते एका तासात हूकवर्मची अंडी विरघळल्यासारखी दिसेनाशी होतात. नमुनाही त्याच दिवशीचा लागतो. त्यामुळे सूक्ष्मदर्शक तालुक्याच्या गावी ठेवून हे काम होणार नाही. तंत्रज्ञाला तो घेऊन शाळेत यावे लागेल, आणि तो आलाच आहे तर वरच्या वर्गातल्या मुलांना एक अंडे डोळ्यांनी पाहू द्यावे.

डिसेंबरचे आकडे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवता येतील, फेब्रुवारीच्या गोळीच्या दोन आठवडे आधी. दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि तिथल्या ग्रामपंचायतींना पेसा कायद्याखाली आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट मिळतो. कोणत्या शाळेला तोट्या, कोणत्या वाडीला पाण्याची टाकी आणि कोणत्या वस्तीला कातळावर टिकेल असा संडास, हे त्या सभेत आकडे समोर ठेवून ठरवता येईल.